मुलाची फुप्फुसं तपासायची तर खर्च किती? सोप्या चाचण्या, त्यांचा क्रम आणि दर

पावसाळा ओसरून हवेत गारठा आला की मुलांचे खोकले सुरू होतात. बहुतेक मुलांची सर्दी आठवडाभरात निघून जाते. काहींची मात्र दर वेळी छातीत उतरते. रात्री दोन-तीनच्या सुमाराला खोकल्याची उबळ येते, मैदानावर धावलं की धाप लागते, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. अशा मुलाच्या आईवडिलांना दोन सल्ले हमखास मिळतात. कोणी म्हणतं, ‘मोठा झाला की आपोआप कमी होईल.’ कोणी म्हणतं, ‘एकदाच सगळ्या तपासण्या करून टाका.’ पहिला सल्ला ऐकला तर मुलाचे हाल होतात आणि दुसरा ऐकला तर पैसे जाऊनही निदान हाती येईलच असं नाही.

फुप्फुसं नीट काम करताहेत का, हे पाहण्याचे साधे मार्ग आहेत. त्यातला पहिला फुकट आहे, दुसऱ्या-तिसऱ्याला हजार-दीड हजाराचं साधन पुरतं आणि चौथा तास-दीड तासात होतो. ते योग्य क्रमाने वापरले तर महागड्या तपासण्यांची वेळ फार थोड्या मुलांवर येते. इथे दिलेले दर महाराष्ट्रातल्या शहरांमधल्या खासगी दवाखान्यांचे आणि औषध दुकानांचे ढोबळ दर आहेत. गावानुसार ते कमीजास्त होतात, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारून घ्या.

१. श्वास मोजणे : खर्च शून्य

ही चाचणी प्रत्येक आईवडिलांना यायलाच हवी, विशेषतः घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर. मूल शांत किंवा झोपलेलं असताना मोजा. रडत असेल, दूध पीत असेल किंवा अंगात ताप चढलेला असेल तर श्वास तसाही वाढतो. सदरा छातीपर्यंत वर करा, फोनवर एक मिनिट लावा आणि छाती-पोट वर येऊन खाली गेलं की एक, असं मोजत राहा. पूर्ण मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने जलद श्वासाच्या मर्यादा ठरवून दिल्या आहेत :

- २ महिन्यांपेक्षा लहान बाळ : मिनिटाला ६० किंवा जास्त
- २ महिने ते १ वर्ष : ५० किंवा जास्त
- १ ते ५ वर्षे : ४० किंवा जास्त

खोकला आहे आणि श्वास या आकड्यांएवढा किंवा त्यापुढे आहे, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान असेल तर लगेच. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘पोट उडतंय’ म्हणतात तसं होत असेल, तर आकडा कितीही असो, थांबू नका. ओठ किंवा जीभ निळसर दिसणं, बाळाने अंगावर पिणं सोडणं, मूल मलूल पडणं, मोठ्या मुलाला एक वाक्यही सलग बोलता न येणं ही थेट रुग्णालयाची लक्षणं आहेत. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत येते.

इतक्या साध्या मोजणीने काय साधतं, हे गडचिरोलीत दिसलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच माणसांना बालन्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं आणि त्याने बालमृत्यू कमी झाले. हा अभ्यास १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ज्यांना आकडे मोजता-लिहिता येत नव्हते त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधं उपकरण तयार केलं होतं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत हात पोचला, तर श्वास जलद. ज्या तपासणीने जंगलातल्या गावात मुलं वाचली, ती आपण फुकट आहे म्हणून दुय्यम मानू नये.

२. पल्स ऑक्सिमीटर : ६०० ते २,५०० रुपये

कोविडनंतर हे यंत्र अनेक घरांत आलं. ते रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण सांगतं. मूल स्वस्थ असताना ९५ ते १०० हा आकडा ठीक. ९४ किंवा त्याखाली राहिला तर डॉक्टरांशी बोला. ९० च्या खाली गेला तर रुग्णालय गाठा.

घेताना एवढं पाहा. मोठ्यांच्या बोटासाठी बनवलेला चिमटा लहान मुलाच्या बोटावर सैल बसतो आणि भलतेच आकडे दाखवतो. मूल लहान असेल तर लहान बोटाचाच घ्या. तान्ह्या बाळासाठी पायाला किंवा तळव्याला गुंडाळायचा वेगळा प्रोब लागतो. घरी हा खर्च करण्यापेक्षा दवाखान्यात तपासून घेतलेलं बरं. थंड हात, नेलपॉलिश, मेंदी आणि हालचाल यांनी आकडा चुकतो. सावळ्या त्वचेवर काही यंत्रं खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवतात. म्हणून आकडा स्थिर होईपर्यंत थांबा आणि नाडीची लहर नीट दिसते का तेही बघा.

मुख्य गोष्ट अशी की ऑक्सिमीटर फुप्फुसांची क्षमता मोजत नाही. दम्याच्या झटक्यात मूल धापा टाकत असतानाही बराच वेळ ९६-९७ दिसू शकतं. ऑक्सिजन उतरतो तो उशिरा. ‘ऑक्सिजन चांगला आहे’ म्हणून धाप लागलेल्या मुलाला घरी ठेवणं धोक्याचं आहे. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर हे यंत्र घेतलंच पाहिजे असं नाही.

३. पीक फ्लो मीटर : ४०० ते १,२०० रुपये

सहा वर्षांपुढच्या, वारंवार दम लागणाऱ्या मुलासाठी घरातला सर्वांत सार्थकी लागणारा खर्च हाच. प्लास्टिकची नळी, बाजूला आकड्यांची पट्टी, सरकणारा काटा. ना बॅटरी, ना ॲप. मूल एका दमात किती जोराने हवा बाहेर फेकतं, ते लिटर प्रतिमिनिट या मापात कळतं. मुलांसाठी साधारण ४०० पर्यंतच्या पट्टीचं मीटर मागा. मोठ्यांच्या ८०० च्या पट्टीवर मुलाचे छोटे फरक नीट वाचता येत नाहीत.

पद्धत अशी. मुलाला उभं करा, काटा शून्यावर आणा. तोंड उघडून पोटभर श्वास घ्यायला सांगा. नळी दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटायचे, जीभ भोकाच्या आड येऊ द्यायची नाही आणि एकदम जोरात फुंकायचं. लांब फुंकण्याची गरज नाही, पहिला झटका महत्त्वाचा. असं तीनदा करायचं आणि तिन्हींतला सर्वांत मोठा आकडा लिहायचा. सरासरी काढायची नाही. सकाळी औषधाच्या आधी एकदा आणि संध्याकाळी एकदा, असं दोन आठवडे वहीत लिहिलं की डॉक्टरांच्या हातात खरी माहिती येते.

अपेक्षित आकड्यासाठी बालरोगतज्ज्ञ एक ढोबळ हिशेब वापरतात : उंचीच्या सेंटिमीटरमधून १०० वजा करा, उरलेल्याला ५ ने गुणा आणि त्यात १०० मिळवा. मुलीची उंची १२८ सेंटिमीटर असेल तर २८ गुणिले ५ म्हणजे १४०, अधिक १००, म्हणजे २४०. मात्र पुस्तकी आकड्यापेक्षा मुलाचा स्वतःचा, तब्येत चांगली असतानाचा सर्वोत्तम आकडा जास्त उपयोगी. तो २५० आहे असं धरू :

- २०० च्या वर (८० टक्क्यांहून जास्त) : हिरवा पट्टा, नेहमीचं औषध चालू
- १२५ ते २०० (५० ते ८० टक्के) : पिवळा पट्टा, डॉक्टरांनी लिहून दिलेली वाढीव औषधयोजना सुरू
- १२५ च्या खाली (५० टक्क्यांहून कमी) : लाल पट्टा, पंप (इनहेलर) देऊन लगेच रुग्णालय

सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांतली तफावतही बोलकी असते. सकाळी १८०, संध्याकाळी २३० आलं, तर फरक ५०, सरासरी २०५, म्हणजे जवळपास २४ टक्के. मुलांमध्ये अशी रोजची तफावत एक-दोन आठवडे सरासरी १३ टक्क्यांपेक्षा जास्त राहिली, तर डॉक्टर दम्याचा विचार करतात. खेळताना दम लागणाऱ्या मुलाला डॉक्टर स्वतःच्या देखरेखीखाली, पंप हाताशी ठेवून पळायला लावतात आणि आधी-नंतरचे आकडे ताडून पाहतात. घरी एकट्याने हा प्रयोग करू नका.

मीटर एकच वापरा, कारण दोन कंपन्यांच्या मीटरांत फरक पडतो. आठवड्यातून एकदा कोमट साबणपाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. भावंडांनी वापरायचं असेल तर तोंडाची नळी वेगळी ठेवा.

४. स्पायरोमेट्री, म्हणजे पीएफटी : ६०० ते २,००० रुपये

डॉक्टर ‘पीएफटी करून घ्या’ म्हणतात ती ही तपासणी. साधारण पाच-सहा वर्षांपासून जमते. यात दोन गोष्टी मोजतात : फुप्फुसांतून एकूण किती हवा बाहेर येते (एफव्हीसी) आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती येते (एफईव्ही१). टाकीत पाणी किती आणि नळातून ते किती जोराने पडतं, असे हे दोन प्रश्न आहेत. दम्यात टाकी बहुधा ठीक असते, नळ चोंदलेला असतो.

सुई नाही, दुखणं नाही, पण मेहनत आहे आणि ती मुलाची आहे. नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी देतात आणि तंत्रज्ञ बाजूला उभा राहून सांगतो, “भर, भर, अजून भर... आता फुंक! जोरात! फुंक, फुंक, फुंक, सोडू नको, सोडू नको...” पडद्यावर मेणबत्त्या विझवण्यासारखे खेळ असतील तर मुलं मनापासून फुंकतात. किमान तीन चांगले प्रयत्न मिळायला हवेत आणि त्यातले सर्वोत्तम दोन एकमेकांशी जुळायला हवेत. लहान मुलाला त्यासाठी सात-आठ वेळाही फुंकावं लागतं. त्यानंतर स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या नळकांड्यातून) श्वासनळ्या उघडणाऱ्या साल्ब्युटामॉलचा पंप देऊन दहा-पंधरा मिनिटांनी सगळं पुन्हा. म्हणजे तास-सव्वा तास हाताशी ठेवा. पाच मिनिटांत मुलाची पूर्ण पीएफटी झाली, तर ती नीट झालेली नाही.

दर विचारताना हे प्रश्न विचारा :

- हा दर पंपाआधीच्या आणि पंपानंतरच्या, दोन्ही चाचण्यांचा आहे का? काही ठिकाणी एकाच चाचणीचा कमी दर सांगतात आणि दुसरीचे पैसे वेगळे घेतात.
- तोंडाची नळी आणि जंतुरोधक फिल्टर नवा मिळेल ना? त्याचे १०० ते ३०० रुपये वेगळे लावतात का?
- रिपोर्ट डॉक्टर वाचून सही करतात, की नुसता यंत्राचा कागद मिळतो?
- इथे लहान मुलांच्या चाचण्या नेहमी होतात का?
- मुलाला जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पैसे भरावे लागतील का?

यात मुलांबाबतचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. महागड्या यंत्रापेक्षा मुलाला धीर देणारा, न कंटाळणारा तंत्रज्ञ या चाचणीत जास्त मोलाचा असतो. शेजारच्या केंद्रात ५०० रुपये कमी असले, पण तिथे फक्त मोठ्या माणसांच्या चाचण्या होत असल्या, तर ते पैसे वाचवू नका.

जाण्याआधी : ताप-सर्दी जोरात असेल तर तारीख पुढे घ्या. चाचणीआधीच्या दोन तासांत भरपेट खाऊ घालू नका, सैल कपडे घाला, तासभर आधी दंगामस्ती नको. तातडीचा पंप चाचणीच्या आधी साधारण चार तास थांबवतात, रोजचे पंप किती आधी थांबवायचे ते डॉक्टरांना विचारा. मुलाला दम लागला तर चाचणीचा विचार न करता पंप द्या. एक-दोन दिवस घरी कागदाची पुंगळी करून फुंकण्याचा सराव घ्या, फार फरक पडतो.

रिपोर्ट हातात आला की सर्वांत आधी उंची, वय आणि मुलगा की मुलगी हे बरोबर लिहिलंय का ते पाहा. ‘अपेक्षित’ आकडे याच माहितीवरून निघतात. उंची अनवाणी उभं करून मोजलेली असावी, अंदाजाने सांगितलेली नको. पाच सेंटिमीटर चुकलं तर चांगलं मूल आजारी ठरू शकतं. यंत्राने आपोआप छापलेल्या ‘रिस्ट्रिक्शन’सारख्या शब्दाने घाबरून जाऊ नका. मुलाने अर्ध्यावर फुंकणं सोडलं तरी तसं छापून येतं.

पहिल्या सेकंदाची हवा आणि एकूण हवा यांचं प्रमाण निरोगी मुलांत साधारण ९० टक्क्यांच्या आसपास असतं. मोठ्यांसाठी वापरला जाणारा ७० टक्क्यांचा निकष मुलांना लावला तर दमा नजरेतून सुटतो. पंपानंतर एफईव्ही१ अपेक्षित आकड्याच्या १२ टक्क्यांहून जास्त वाढला, तर श्वासनळ्या औषधाने उघडल्या असा अर्थ होतो आणि दम्याच्या निदानाला बळ मिळतं. उलट, चाचणी नॉर्मल आली म्हणून दमा नाही असं ठरत नाही. दमा येतो-जातो, आणि चाचणीच्या दिवशी मूल ठणठणीत असू शकतं. अशा वेळी पीक फ्लोची वही कामी येते.

५. पाच वर्षांखालचं मूल असेल तर

इतक्या लहान मुलाला स्पायरोमेट्री बहुधा जमत नाही. तिथे निदान होतं ते लक्षणांवरून, घरातल्या ॲलर्जी-दम्याच्या इतिहासावरून आणि औषध दिल्यावर काय फरक पडतो त्यावरून. म्हणून सर्वांत उपयोगी तपासणी म्हणजे दम लागलेला असताना फोनवर काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ : छाती उघडी, खोली शांत, उजेड पुरेसा. दवाखान्यात पोचेपर्यंत मूल खेळायला लागलेलं असतं, व्हिडिओ मात्र डॉक्टरांना सगळं दाखवतो. याला खर्च नाही.

तीन वर्षांपुढच्या मुलासाठी मोठ्या शहरांत ‘ऑसिलोमेट्री’ मिळते. मुलाने नळीतून नेहमीसारखा श्वास घ्यायचा, जोर लावायचा नाही. दर १,५०० ते ३,५०० रुपये. श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडची ‘फेनो’ चाचणी साधारण १,५०० ते ३,००० रुपयांना होते, ती मुख्यतः ॲलर्जीच्या सुजेचा अंदाज देते. या दोन्ही चाचण्या चांगल्या आहेत, पण पहिल्या भेटीत लागत नाहीत. त्यांनी उपचारात नेमकं काय बदलेल, हे डॉक्टरांना विचारा. उत्तर मिळालं तर करा.

६. इथे पैसे घालू नका

तीन चेंडूंचं यंत्र (२०० ते ५०० रुपये) : ते शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामासाठी असतं. चेंडू वर गेला म्हणजे फुप्फुसं चांगली, हा समज चुकीचा आहे.

श्वास किती वेळ रोखता येतो, हे पाहणं : कोविडच्या काळात हे व्हिडिओ घरोघर फिरले. याने फुप्फुसांची क्षमता कळत नाही आणि दम लागलेल्या मुलाला श्वास रोखायला लावणं वाईट.

फुगे फुगवणं : चाचणी म्हणूनही नाही, उपचार म्हणूनही नाही. लहान मुलाच्या घशात फुगा अडकण्याची भीती खरी आहे.

दर खोकल्याला छातीचा एक्स-रे (३०० ते ७०० रुपये) : न्यूमोनियाची शंका असेल तेव्हा लागतो. फुप्फुसांचं काम कसं चालतं ते तो सांगत नाही.

रक्तातल्या ॲलर्जीचं मोठं पॅनेल : काही हजार रुपये जातात आणि हातात पदार्थांची लांबलचक यादी येते. त्या यादीवरून मुलाचं दूध, अंडी, शेंगदाणे बंद करून वाढ खुंटवू नका. ॲलर्जी तपासायचीच तर ती लक्षणांशी जोडून, तज्ज्ञांच्या सल्ल्याने.

घरासाठी नेब्युलायझर (१,२०० ते ३,००० रुपये) : बहुतेक मुलांना पंप आणि स्पेसरने तितकंच औषध पोचतं. स्पेसर २०० ते ६०० रुपयांना मिळतो. ‘पंपाची सवय लागते’ ही भीती निराधार आहे. पंपातलं औषध थेट श्वासनळीत जातं, म्हणून ते तोंडावाटेच्या औषधापेक्षा फार कमी मात्रेत पुरतं.

७. सरकारी दवाखान्यात

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. स्पायरोमेट्री मात्र प्रत्येक तालुक्याला मिळत नाही. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बालरोग अथवा उरोरोग विभागाची बाह्यरुग्ण वेळ विचारून जा. तिथे शुल्क खासगीच्या तुलनेत नाममात्र असतं. शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्या दिवशी मुलाचा खोकला आणि धाप आवर्जून सांगा, पुढची चिठ्ठी मिळू शकते. खासगी आरोग्य विमा बाह्यरुग्ण चाचण्यांचे पैसे सहसा देत नाही. तुमच्या पॉलिसीत ओपीडीचं कलम आहे का ते बघा आणि पावती मात्र प्रत्येक वेळी घ्या. सांगितल्यापेक्षा जास्त पैसे घेतले आणि दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

एकूण हिशेब

पाच वर्षांखालचं मूल : श्वास मोजणं आणि व्हिडिओ फुकट, बालरोगतज्ज्ञांची फी ३०० ते १,००० रुपये. बहुतेकांना सुरुवातीला एवढंच लागतं.

सहा वर्षांपुढचं, वारंवार दम लागणारं मूल : डॉक्टरांच्या दोन भेटी ६०० ते २,०००, पीक फ्लो मीटर ४०० ते १,२००, पंपाआधी आणि पंपानंतरची स्पायरोमेट्री ६०० ते २,०००. एकूण १,६०० ते ५,२०० रुपये. दमा ठरला तर पुढची स्पायरोमेट्री उपचार सुरू करून तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतर डॉक्टर सांगतील तशी, साधारण वर्षा-दोन वर्षांनी एकदा.

पैसे मर्यादित असतील तर पहिला खर्च चांगल्या बालरोगतज्ज्ञाच्या फीवर करा, दुसरा पीक फ्लो मीटरवर आणि तिसरा एका नीट केलेल्या स्पायरोमेट्रीवर. त्यापुढची प्रत्येक चाचणी ‘याने उपचार बदलणार आहे का?’ हे विचारूनच करा. आणि आज रात्री मूल झोपलं की त्याचा श्वास एक मिनिट मोजून आकडा लिहून ठेवा. तब्येत चांगली असतानाचा आकडा माहीत असला, की बिघडलेला लगेच ओळखता येतो.